इन्शुलिनचे 'माप' : एका लोकप्रिय उपदेशाची तपासणी

आमच्या शाळेच्या शिक्षकदालनात, वेळापत्रकाच्या शेजारी, एक कागद गेली काही वर्षे चिकटवलेला आहे. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यामुळे त्यावरची अक्षरे पुसट झाली आहेत, पण मजकूर सर्वांना तोंडपाठ आहे. 'दिवसातून दोनच वेळा जेवा. जेवण ५५ मिनिटांत संपवा. मध्ये काहीही खाऊ नका. रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मधुमेह जाईल.' त्याखाली कोणीतरी निळ्या शाईने कारणही लिहून ठेवले आहे : 'तोंडात घास गेला की इन्शुलिनचे एक माप पडते. ५५ मिनिटांत कितीही खाल्ले तरी माप एकच.'

हा उपदेश कोठून आला हे महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नको. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ही जीवनशैली मांडली आणि व्याख्यानांतून, पुस्तकांतून ती गावोगाव पोचवली. कोणतीही पावडर विकत घ्यायची नाही, कोणते यंत्र नाही, मोजदादीचे तक्ते नाहीत. दोन वेळा जेवायचे आणि चालायचे. आरोग्याचा सल्ला इतक्या कमी शब्दांत आणि इतक्या कमी खर्चात सांगणे सोपे नसते. या लेखात आम्ही तपासणार आहोत तो मात्र आमच्या भिंतीवरचा कागद. मूळ व्याख्यान तास-दोन तासांचे असते, त्यातले बारकावे, अटी, अपवाद प्रवासात गळून पडतात आणि लोकांच्या हाती उरतो तो असा अर्ध्या पानाचा मजकूर. माणसे त्यावरच चालतात. या कागदापायी आमच्या शाळेत एकदा अनर्थ होता होता टळला. तो प्रसंग पुढे येईलच.

तपासणी करायची तर पहिली गोष्ट ही की कागदावर दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक कृती : दोनदा जेवा, चाला. दुसरे त्या कृतीचे कारण : इन्शुलिनचे माप. कृतीचा गुण आला म्हणून कारण खरे ठरत नाही. घरात तापलेल्या मुलाची आजी दृष्ट काढते आणि आई औषध देते. मूल बरे झाले की आजीचा मीठमोहऱ्यांवरचा विश्वास वाढतो. विज्ञानाच्या तासाला आपण हाच फरक मुलांना शिकवतो. मग शिक्षकदालनात तो विसरून चालणार नाही.

आधी कारण पाहू.

इन्शुलिन हे संप्रेरक स्वादुपिंडातल्या बीटा पेशी तयार करतात, हे नववी-दहावीच्या मुलांनाही ठाऊक असते. या पेशींचे काम किराणा दुकानातल्या मापासारखे नाही, की एकदा बुडवले, ओतले, संपले. त्या रक्तातली ग्लुकोज सतत चाचपत असतात. जेवण सुरू झाले की पहिल्या काही मिनिटांत साठवून ठेवलेले इन्शुलिन चटकन बाहेर पडते. त्यानंतर दुसरा, संथ टप्पा सुरू होतो, आणि ग्लुकोज चढलेली आहे तोवर तो चालूच राहतो. साध्या जेवणानंतर रक्तातले इन्शुलिन मूळ पातळीवर यायला दोन ते चार तास लागतात. म्हणजे पंचावन्नाव्या मिनिटाला कोणताही पडदा पडत नाही आणि छप्पन्नाव्या मिनिटाला नवे माप बुडवले जात नाही. किती इन्शुलिन सुटेल हे मुख्यतः खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांच्या प्रमाणावर ठरते. काही अंशी प्रथिनांवरही.

याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले एखादे मूल बहुतेक मोठ्या शाळांत असते. त्याच्या बीटा पेशी नष्ट झालेल्या असतात, म्हणून इन्शुलिन बाहेरून टोचून घ्यावे लागते. अशा मुलाच्या आईला विचारून पाहा. मुलाने एक भाकरी खाल्ली तर किती युनिट, तीन खाल्ल्या तर किती, याचा हिशोब ती रोज करते. माप एकच असते तर तिला हा हिशोब करावाच लागला नसता.

जेवण नसतानाही इन्शुलिन थोडे थोडे झिरपतच असते. निरोगी माणसाच्या दिवसभराच्या इन्शुलिनपैकी जवळजवळ निम्मे असे जेवणाशी संबंध नसलेले असते. ते कशासाठी? येथे आपण यकृताकडे वळू, कारण दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातला सर्वांत गोंधळात टाकणारा प्रश्न यकृताच्या दारात सुटतो. आमचे एक सहकारी नेहमी विचारत : 'रात्री आठला जेवलो, मग पाण्याशिवाय काही नाही, तरी सकाळी उपाशीपोटी साखर १६० कशी?' साखर खाल्ली नाही तर आली कोठून?

ती यकृताने दिली. आपण झोपेत असताना मेंदूला ग्लुकोज लागतेच. म्हणून यकृत आपल्या कोठारातले ग्लायकोजेन, सुमारे १०० ग्रॅम, मोडून आणि जोडीला नवी ग्लुकोज बनवून रक्तात सोडत राहते. झिरपणारे इन्शुलिन यकृताला सांगत असते की 'बेताने'. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात बहुधा यकृतात चरबी साठलेली असते आणि चरबीने भरलेल्या यकृताला ही सूचना नीट ऐकू येत नाही. ते गरज नसताना ग्लुकोज ओतत राहते. स्वादुपिंड आवाज चढवते, म्हणजे जास्त इन्शुलिन सोडते. आणि जास्त इन्शुलिनमुळे यकृतात आणखी चरबी तयार होते. वाढलेली चरबी रक्तावाटे स्वादुपिंडातही जाऊन बसते आणि बीटा पेशी मंदावतात. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाचे रॉय टेलर यांनी २००८ मध्ये हे परस्परांना फिरवणाऱ्या दोन चक्रांचे गृहीतक मांडले. एका चाकाने दुसरे फिरते, दुसऱ्याने पहिले, आणि वर्षानुवर्षे हे चालते.

गृहीतक चांगले की नाही हे त्यातून काय भाकीत करता येते यावर ठरते. टेलर यांचे भाकीत असे होते की खाणे एकदम खूप कमी केले तर चाके उलटी फिरतील. २०११ मध्ये त्यांनी अकरा रुग्णांवर प्रयोग केला. आठ आठवडे, दिवसाला सुमारे ६०० कॅलरी. पहिल्या सात दिवसांतच यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर सरासरी १६६ वरून १०६ मिलिग्रॅमवर आली. बीटा पेशींना जाग यायला आठ आठवडे लागले, पण आली. आमच्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर या सात दिवसांत आहे : सकाळची साखर ही आदल्या रात्रीच्या जेवणापेक्षा यकृताच्या स्थितीची खबर अधिक देते.

अकरा माणसांवरून निष्कर्ष काढू नये, हेही आपणच शिकवतो. म्हणून स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधल्या ४९ दवाखान्यांतून ३०६ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. रुग्ण सहा वर्षांच्या आत मधुमेह झालेले, वजन जास्त असलेले, इन्शुलिन न घेणारे. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरीचा आहार आणि नंतर हळूहळू नेहमीचे जेवण. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. वर्षअखेर आहार बदललेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, दुसऱ्या गटात ४ टक्क्यांची. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. ज्यांचे पाच किलोपेक्षा कमी उतरले त्यांच्यात ७ टक्के. मधल्या पायऱ्याही अशाच चढत्या आहेत : पाच ते दहा किलोला ३४, दहा ते पंधराला ५७. कारण आणि परिणाम यांचे नाते इतक्या स्वच्छ पायऱ्यांनी क्वचितच दिसते. या रुग्णांना दिवसात किती वेळा तोंड हलवावे याचे बंधन हा प्रयोगाचा गाभा नव्हता, आणि गंमत म्हणजे वजन उतरवण्याच्या टप्प्यात जादा व्यायामाचा आग्रहही धरलेला नव्हता.

आता आमच्या भिंतीवरचा कागद पुन्हा वाचू. ज्यांना त्याचा गुण आला त्यांना तो का आला असावा? आमच्याच शिक्षकदालनाचे उदाहरण घ्या. सकाळी घरून पोहे. मग मधल्या सुट्टीत डबा. प्रत्येक मोकळ्या तासाला चहा, त्यात दोन चमचे साखर, सोबत बिस्किटे. कोणाचा वाढदिवस असला की पेढा, आणि तीस शिक्षकांच्या शाळेत वाढदिवस काही कमी नसतात. घरी गेल्यावर फरसाण. रात्रीचे जेवण साडेनऊला. 'दोनच वेळा' हा नियम पाळणाऱ्याचे यातले निम्मे आपोआप सुटते. कॅलरी न मोजता कॅलरी कमी होतात. काहींचे वजन चार-सहा महिन्यांत आठ-दहा किलोंनी उतरते, आणि मग न्यूकॅसलला जे झाले ते येथेही होते. मापाचा त्यात काहीही हात नाही.

मग किती वेळा खावे याला काहीच अर्थ नाही का? तसे म्हणणेही चूक ठरेल, आणि या ठिकाणी कागदाच्या बाजूने बोलणे भाग आहे. मधुमेह्याने थोडे थोडे सहा वेळा खावे असा सल्ला कित्येक वर्षे दिला गेला. प्रागमध्ये हाना काहलेओव्हा आणि सहकाऱ्यांनी तो तपासला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. ५४ रुग्ण, बारा आठवडे सहा वेळा थोडे थोडे आणि बारा आठवडे दोनदाच भरपूर, दोन्ही वेळी एकूण कॅलरी सारख्याच. दोनदा जेवताना वजन सरासरी ३.७ किलो उतरले, सहा वेळा खाताना २.३, यकृतातली चरबीही दोन जेवणांत अधिक घटली. तेव्हा सतत खात राहण्यापेक्षा पोटाला विसावा देणे बरे, याला आधार आहे. फक्त प्रागची दोन जेवणे होती न्याहारी आणि दुपारचे जेवण. रात्रीचे जेवण नव्हते. आपल्याकडे बहुतेकजण सकाळ सोडतात आणि रात्र धरतात. तो प्रागचा प्रयोग नव्हे.

उपवासाबद्दलही असेच. आठवड्यातून दोन दिवस अगदी थोडे खायचे आणि पाच दिवस नेहमीचे, या पद्धतीची ऑस्ट्रेलियात १३७ रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. २०१८ चा निष्कर्ष असा की रोज थोडे कमी खाणाऱ्यांच्या आणि दोन दिवस उपवास करणाऱ्यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत म्हणावा असा फरक पडला नाही. २०२४ मध्ये चीनमधून आलेली चाचणी अधिक उत्साहवर्धक आहे : नव्याने मधुमेह झालेल्या, वजन जास्त असलेल्या ४०५ लोकांत, सोळा आठवड्यांत, असा दोन दिवसांचा उपवास करणाऱ्यांची सरासरी साखर मेटफॉर्मिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांपेक्षा थोडी अधिक उतरली. पण त्यांचे वजनही अधिक उतरले होते, जवळजवळ दहा किलो. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या तर आम्हाला असे दिसते की उपवास ही कमी खाण्याची एक सोयीची रीत आहे. ज्याला रोज अर्धपोटी उठणे जमत नाही त्याला दोन दिवस घट्ट राहणे जमते. कोणाला उलटे जमते.

ही कल्पना नवीनही नाही. १८७०-७१ च्या हिवाळ्यात प्रशियन सैन्याने पॅरिसला वेढा घातला, शहरात अन्नाचे रेशनिंग झाले आणि बुशार्दा नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आले की त्यांच्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी होत आहे. पुढे ते रुग्णांना उपवासाचे दिवस आणि अंगमेहनत दोन्ही सांगू लागले. कागदावरच्या दोन्ही सूचना त्यांच्याकडे होत्या, माप मात्र नव्हते. इन्शुलिनच सापडले नव्हते. १९१० च्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी कडक उपासमारीचा उपचार सर्व रुग्णांना लावला. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची मुले त्यावर काही महिने, क्वचित काही वर्षे जास्त जगली, पण अस्थिपंजर होऊन. काही भुकेनेच गेली. १९२२ मध्ये इन्शुलिन आले आणि तो अध्याय मिटला. 'मधुमेह जाईल' असे लिहिताना कोणता मधुमेह हे कागदावर लिहिलेले नाही, म्हणून हे सांगितले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाला हा उपदेश लागू नाही.

चालण्याविषयी कागदात एकच ओळ आहे आणि आमच्या मते तीच सर्वांत भक्कम आहे. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या ग्लुकोजचा मोठा वाटेकरी म्हणजे आपले स्नायू. विश्रांतीत स्नायूच्या पेशीत ग्लुकोज शिरायला इन्शुलिनची किल्ली लागते. पण स्नायू आकुंचन पावू लागला की पेशीच्या आतले ग्लुकोजवाहक प्रथिन पृष्ठभागाकडे सरकते आणि ग्लुकोज आत जाऊ लागते, इन्शुलिनची वाट न पाहता. म्हणजे ज्याच्या शरीरात इन्शुलिनला दाद मिळत नाही त्याच्यासाठीही हे मागचे दार उघडे आहे. व्यायाम थांबल्यावरही स्नायू एक-दोन दिवस इन्शुलिनला अधिक दाद देतात. नंतर परिणाम ओसरतो. म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खाडा करू नये असे म्हणतात, आणि म्हणूनच रविवारी दहा किलोमीटर चालून आठवड्याचा कोटा भरणाऱ्यांचा हिशोब चुकतो.

चीनमधील दाचिंग शहरात १९८६ मध्ये, साखर वाढलेली पण मधुमेहाच्या रेषेपर्यंत न पोचलेली ५७७ माणसे निवडली गेली. सहा वर्षांत काहीही न करणाऱ्या गटातल्या ६७.७ टक्क्यांना मधुमेह झाला; फक्त व्यायाम वाढवणाऱ्यांत ४१.१ टक्क्यांना. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशाच ५३१ जणांवर काम केले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे ५५ विरुद्ध ३९.३ टक्के. या अभ्यासात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. चेन्नईच्या माणसांचे वजन जवळजवळ घटलेच नव्हते, तरी फायदा झाला. काट्यावर आकडा हलत नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कागदावरचा वेग मात्र पाहा. ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर म्हणजे ताशी सहा किलोमीटर. तिशीतल्या माणसाला ठीक; निवृत्तीला आलेल्या, गुडघे धरलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी तो गाठायचा तर व्यायामाची पहिली सकाळच शेवटची ठरायची. सलग ४५ मिनिटेच हवीत असेही नाही. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात ४१ रुग्णांवर २०१६ मध्ये दाखवले गेले की दिवसातून कधीतरी एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहते. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. शतपावलीला आपल्याकडे कोणी विज्ञान म्हणत नव्हते, पण ती चूक नव्हती.

आणखी एक प्रश्न आमच्याकडच्या शरीरयष्टीचा. 'मी तर सडपातळ आहे, मला वजन उतरवायला काय सांगता?' असे म्हणणारे मधुमेही आपल्याकडे पुष्कळ. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचे उत्तर स्वतःच्या शरीरावरून दिले. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा तंतोतंत एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. त्यांच्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मोजमापे घेऊन दाखवले की आपली बाळे वजनाला कमी, पण त्या मानाने चरबीला जास्त असतात. म्हणजे काटा ज्याला सडपातळ म्हणतो त्याच्याही यकृतात नको तेवढी चरबी असू शकते. टेलर यांनी पुढे स्थूल नसलेल्या वीस रुग्णांना थोडे थोडे वजन उतरवायला लावले. त्यांच्यातल्या चौदा जणांची साखर औषधाशिवाय ताब्यात आली. २०२३ चे हे काम छोटे आहे, पण आपल्यासाठी मोलाचे आहे.

आता उपवास या शब्दाचे मराठी घरात काय होते ते पाहू. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण काही उगीच पडलेली नाही. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून काढतात आणि तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो : १०० ग्रॅममध्ये सुमारे ८८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ, प्रथिने नावाला. त्याला बटाट्याची जोड आणि वर रताळ्याचा गोड कीस. जेवणातली डाळ, उसळ, पालेभाजी, म्हणजे साखर हळू चढू देणारे सारे पदार्थ त्या दिवशी वर्ज्य. निदान शेंगदाण्याचे कूट थोडी लाज राखते. अशा उपवासाच्या दिवशी जेवणानंतरची साखर नेहमीच्या दिवसापेक्षा जास्त चढली तर नवल नाही. त्यात 'माप एकच' हे डोक्यात असेल तर काय होते, ते आम्ही एका आषाढीला पाहिले. एका सहकाऱ्याने ५५ मिनिटांच्या आत खिचडीच्या तीन बश्या घेतल्या आणि घड्याळ दाखवले. चुकीचे कारण निरुपद्रवी नसते ते असे. त्यावरून माणसे पुढचे निष्कर्ष काढतात.

तो टळलेला अनर्थ याच सहकाऱ्याचा. सर गणिताचे, निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घ्यायची आणि न्याहारी करायची असा त्यांचा जुना क्रम. कागद वाचून त्यांनी न्याहारी सोडली, पहाटे चालायला सुरुवात केली; गोळीचे काय करायचे हे कागदात नव्हते, म्हणून ती तशीच चालू ठेवली. चौथ्या दिवशी, चौथ्या तासाला, फळ्यावर एक सोपे समीकरण ते तीनदा लिहून तीनदा पुसत राहिले. घामाने सदरा भिजला. मुले आधी हसली, मग घाबरली. सरांना खुर्चीत बसवले तेव्हा ते आमच्यावरच चिडले, उलटसुलट बोलू लागले. आम्ही विज्ञानाचे शिक्षक तेथे उभे, आणि आम्हाला वाटले रक्तदाब असेल. ओळखले ते शाळेतल्या मावशींनी. त्यांच्या नवऱ्याला हेच होत असे. स्टाफच्या चहाची साखर त्यांनी मूठभर पाण्यात कालवली आणि पाजली. पंधरा मिनिटांत सर माणसांत आले.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्या बीटा पेशींना इन्शुलिन सोडायला लावतात, रक्तात ग्लुकोज असो वा नसो. पोटात अन्न नाही, स्नायू चालून ग्लुकोज ओढून घेत आहेत, आणि वरून गोळीचा रेटा. यात साखर ७० च्या खाली घसरणे ही साधी बेरीज-वजाबाकी आहे. बाहेरून इन्शुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. रमजानच्या रोज्यांबद्दल तेरा देशांत १२ हजारांहून अधिक रुग्णांचा जो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेह्यांत साखर गंभीरपणे घसरण्याचे प्रसंग महिन्याला दर १०० रुग्णांमागे ०.४ वरून ३ वर गेलेले दिसले. म्हणून रोजे सुरू होण्याआधी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांना भेटून गोळ्यांचे प्रमाण आणि वेळा बदलून घ्याव्यात असे आता सांगितले जाते. हाच सल्ला नवरात्र, श्रावण आणि आमच्या कागदाला का लागू नसावा? अलीकडे पुष्कळ वापरात आलेल्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका वेगळा आहे : लांब उपवासात साखर फारशी न वाढताच रक्तात घातक आम्ले साठू शकतात. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा अशी कोसळत नाही. तेव्हा 'गोळी बंद' किंवा 'गोळी चालू' हा प्रश्न कोणती गोळी यावर अवलंबून आहे, आणि तो भिंतीवर सुटण्यासारखा नाही. स्कॉटलंडच्या चाचणीत गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, पण त्या डॉक्टरांनी, रुग्णाची साखर तपासत राहून.

उरला शेवटचा शब्द, 'जाईल'. २०२१ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेली व्याख्या अशी : औषधे बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी ६.५ टक्क्यांच्या खाली असेल तर त्याला मधुमेहाचा उपशम म्हणावे. बरे होणे हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला. स्कॉटलंडच्या चाचणीतही पहिल्या वर्षीचे ४६ टक्के दुसऱ्या वर्षी ३६ झाले. वजन परत आले की चाके पुन्हा फिरू लागतात. शिवाय ज्यांना मधुमेह होऊन पंधरा-वीस वर्षे झाली त्यांच्या बीटा पेशींना जाग येण्याची शक्यता कमी. त्यांनी निष्ठेने दोनदा जेवून, रोज चालून गोळी सुटली नाही तर तो त्यांच्या निष्ठेचा दोष नव्हे. 'जाईल' असे छातीठोक लिहिणारा कागद या लोकांना खोटे पाडतो. आमच्या ओळखीच्या एका मुख्याध्यापिका लोकांच्या प्रश्नांना कंटाळून गोळी लपवून घेत असत.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, आणि त्याच वाटेवर असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. हे आकडे पाहता कागद फाडून टाका असे आम्ही म्हणणार नाही. सर आज दोन वेळाच जेवतात, सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला. त्यांच्या डॉक्टरांनी ती गोळी काढून मेटफॉर्मिनवर ठेवले आहे. शाळा सुटल्यावर मैदानाला फेऱ्या मारतात, खिशात ग्लुकोजची पुडी असते. आम्ही कागदावरची निळ्या शाईची ओळ खोडली आणि तेथे लिहिले : 'गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असाल तर आधी डॉक्टरांना दाखवा. हातपाय थरथरले, घाम फुटला, बोलणे अडखळले तर लगेच साखर खा.' मावशींना ते वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, हेही लिहा. तेही लिहिले.

दहावीच्या वर्गासाठी एक प्रश्न सुचवतो. फळ्यावर दोन आलेख काढा : जेवणानंतरच्या चार तासांतली निरोगी माणसाची ग्लुकोज आणि त्याचे इन्शुलिन. मग विचारा, 'माप एकदाच पडते' हे म्हणणे खरे असते तर इन्शुलिनचा आलेख कसा दिसला असता? तोही काढायला लावा. साबुदाण्याच्या भिजवलेल्या दाण्यावर आणि मोड आलेल्या, चिरडलेल्या मटकीवर आयोडिनचा थेंब टाकून रंगाची तुलनाही करता येईल. मटकीतही पिष्ट असते, तेव्हा रंग दोन्हीकडे येतो, मग फरक कशात हे मुलांनी शोधायचे. ज्या शाळांत हे करून पाहतील त्यांनी मुलांनी काढलेले आलेख आमच्याकडे जरूर पाठवावेत, चुकलेलेसुद्धा.